तीन पुरचुंड्या

चौसष्ट साली दुबईत, देऱ्याच्या बाजारात मी तीन तऱ्हेच्या पपया खाल्ल्या. आफ्रिकेतल्या जंगबारची आतून लालबुंद आणि वासाची, मस्कतकडची बारकी पण मधासारखी, मुंबईची नुसती मोठी, चवीला निव्वळ पाणी. आईला पपईचं वेड. म्हणून तिन्हींच्या बिया वेगवेगळ्या पुरचुंड्यांत बांधल्या आणि आमच्या गावाकडे गलबत घेऊन निघालेल्या याकूब तांडेलाकडे दिल्या. कुठली पुरचुंडी कुठल्या पपईची ते लिहून घरी पत्र टाकलं, "अम्मी, परसात लाव आणि कुठली गोड निघते ते कळव."

आईला लिहिता येत नसे. तिची पत्रं माझा धाकटा भाऊ शौकत लिहायचा. दोन वर्षांनी त्याच्या अक्षरात उत्तर आलं, "तिन्ही झाडं धरली. अम्मी म्हणते, जंगबारी दिसायला देखणी, पण मस्कतची जिभेवर राहते. मुंबईची तिने शेजारीपाजारी वाटून टाकली. आणि अम्मी म्हणते, घराचा वरचा मजला पुरा होईपर्यंत तू यायची घाई करू नकोस."

मी ते पत्र खोलीतल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. दोनदा.

त्याच आठवड्यात याकूबचं गलबत दोन वर्षांनी पहिल्यांदा दुबईच्या खाडीत लागलं. तो खोलीवर आला आणि तिन्ही पुरचुंड्या, मी बांधल्या होत्या तशाच, त्याने माझ्यासमोर ठेवल्या.



"मी गावात पोचलो, तेव्हा लोक तुझ्या अम्मीला दफन करून परतत होते, भाई. बिया कुणाच्या हातात देणार होतो?"