नऊ नंबरचं बाळ

प्रशिक्षण केंद्रात स्तनपानाच्या सरावासाठी दहा बाहुल्या होत्या. प्रत्येकीत एकेका खऱ्या बाळाची दूध पिण्याची सवय जशीच्या तशी भरलेली होती. नऊ नंबरच्या बाळाचं पोट मात्र कुणाकडूनच भरत नव्हतं.

"हे बिघडलंय, परत पाठवते," शिकवणाऱ्या मुजावर सिस्टर म्हणाल्या.

"एकदा मला द्या," प्रशिक्षणाला आलेल्या आशा कार्यकर्त्या शेवंता वळवी म्हणाल्या.

त्यांनी बाहुलीला पाजण्यासाठीचं दुधाचं जाकीट अंगावर चढवलं आणि बाळाला छातीशी घेतलं. ते चार घोट प्यायलं, थांबलं आणि त्यांची करंगळी गच्च धरून डोळे मिटून पडलं. शेवंताताईंनी ती पकड ओळखली. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाच्या, विरसिंगच्या, दूध पिण्याच्या सवयीची नोंद याच केंद्रानं घेतली होती.

"झालं त्याचं, उचला आता," मागून कुणीतरी म्हणालं.

"तेव्हा मीही उचलायचे," त्या हळूच म्हणाल्या. "थांबला म्हणजे पोट भरलं, असं वाटायचं. मग तासन्‌तास रडायचा. मला कुणी सांगितलंच नव्हतं."

त्या जागच्या हलल्या नाहीत. मिनिटभरानं बाळ पुन्हा पिऊ लागलं. बऱ्याच वेळानं त्याची मूठ सैल झाली आणि त्यानं आपणहून करंगळी सोडली.