मूठभर पीठ

मदिनाबीने सगळं सांगितलं. फक्त फुटाण्याच्या डाळीचं पीठ सांगितलं नाही.

खिमा दोनदा बारीक करून आणायचा, हे सांगितलं. कांदा किसून घट्ट पिळायचा, नाहीतर पाणी सुटतं, हेही सांगितलं. आलं, लसूण, कोथिंबीर, पुदिना, भाजलेली खसखस, सगळं निखतच्या शेजारी बसून तिच्याच हाताने घालून घेतलं. पण खिमा मळताना त्यात मूठभर पीठही घालावं लागतं. ते नसलं की कोफ्ते रश्श्यात उतरल्याबरोबर फुटतात. एवढ्या एका गोष्टीत मदिनाबीने हातचं राखलं.

"जमतंय का, खाला?" निखतने तळहातावरचा गोळा दाखवला. गोळा झकास वळला होता.

"जमतंय की. आता रस्सा उकळला की एकेक सोड. अन् पळी घालू नकोस बरं का. पातेलं फडक्यानं धरून हलवायचं."

मदिनाबी काही वाईट बाई नव्हती. तिच्या ईट गावात कुणाकडे लग्न असो की बारसं, कोफ्त्यांचं पातेलं तिच्याच हवाली व्हायचं, आणि तिचा एक कोफ्ता कधी फुटला नाही. तिची एकुलती एक लेक तहसीन परंड्याला दिलेली. मागच्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि दोन पोरी मागे ठेवून तहसीन गेली. जावई मुजीब वर्षभर कसाबसा रेटत राहिला. मग त्याने निखतशी निकाह लावला. त्याला मदिनाबीनेच हो म्हटलं होतं. माय मरो नि मावशी उरो म्हणतात, पण या पोरींना मावशीही नव्हती. कुणीतरी हवंच होतं. तिच्या डोक्याला ते पटलं होतं, काळजाला नव्हतं.

थोरली मिस्बाह निमूटपणे दोन घास खायची. धाकटी आफिया तोंडच उघडत नव्हती. अम्मीचे कोफ्ते पाहिजेत, एवढंच तिचं पालुपद. निखतला ती हाकही मारत नव्हती, पाणी हवं असलं तर नुसती ओढणी ओढायची. शेवटी मुजीबने सासूला फोन केला. "अम्मी, तुम्हीच येऊन निखतला शिकवा. पोरी पार वाळून चालल्यात."

एसटीत बसताना मदिनाबीच्या मनात खोट नव्हती. पण घरात पाऊल टाकलं आणि तहसीनच्या ओट्यापाशी दुसरीच उभी दिसली. लेक मातीआड झालीच होती. आता ती फक्त या पोरींच्या जिभेवर उरली होती, आणि तिथूनही तिला उठवायचं काम आईच्याच हातून करून घेत होते. मदिनाबीने मनाशी पक्कं केलं. कोफ्ते फुटू देत. पोरी नाही जेवल्या की त्यांना ईटला घेऊन जाऊ. मग मुजीब तरी काय बोलणार?

रस्सा उकळला. निखतने बिस्मिल्ला म्हणून पहिला कोफ्ता सोडला. तो क्षणभर टिकला आणि फुटला. दुसरा तर टिकलाही नाही. बघता बघता पातेलंभर खिमा विखुरला.

"खाला, माझं काय चुकलं?" निखतचे डोळे भरून आले.

"हाताला सवय न्हाय अजून. व्हतं असं," मदिनाबी म्हणाली. तिला स्वतःची शरम वाटली. आणि खोटं कशाला बोला, बरंही वाटलं.

दस्तरखान अंथरला. निखतने मान खाली घालून पोरींना वाढलं. भूक नाही म्हणून मदिनाबीने आपलं ताट कोरंच ठेवलं. आफिया ताटाकडे बघत राहिली. मग तिने भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि खाल्ला. आणखी एक खाल्ला. सगळं संपवून तिने ताट निखतपुढे धरलं.

"अम्मी, अजून."

निखतने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"अगं, पण हे तर फुटलेत," मदिनाबी मिस्बाहला म्हणाली.

"अम्मीचे बी असेच फुटायचे, नानी," मिस्बाह खाता खाता म्हणाली. "दर टायमाला. अम्मी म्हणायची, नानीला सांगू नका, नानी हसंल मला. म्हणून तर तुमी आला की ती तुमालाच करायला लावायची."

तहसीन लहानपणी परातीजवळ आली की मदिनाबी म्हणायची, सरक, तुला नाही जमायचं. लग्न ठरलं त्या घाईतही शिकवायचं राहून गेलं. मूठभर पीठ तिने पोटच्या पोरीलाही कधी सांगितलं नव्हतं. लेक सगळा जन्म फुटके कोफ्ते करत राहिली, आणि आईला कळू नये म्हणून जपत राहिली. मदिनाबीने पदर तोंडात धरला, तरी हुंदका फुटलाच.

निखत घाबरून जवळ आली. "रडू नका, खाला. पुढच्या बारीला मला नीट सांगा. मी चांगले करीन."

"काय बी बदलू नकोस," मदिनाबी म्हणाली. "असेच करत जा. अन् मलाबी वाढ."

निखतने वाढलं. लेकीच्या हातचे कोफ्ते मदिनाबी आज पहिल्यांदाच खात होती.