शेवटचा घास

लेओपोल्डच्या आजोबांच्या शिकारी बंदुकीची काडतुसं बाजारातून नाहीशी होऊन साठ वर्षं झाली होती, म्हणून रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरायचं काम त्याची बायको वाल्बुर्गा करायची. श्नाप्स पिऊन पिऊन त्याचे हात थरथरत. तिचं बारुदाचं माप मात्र तीस वर्षांत कणभरही चुकलं नव्हतं.

शनिवारी हरणाचा माग चुकला म्हणून त्यानं तिची म्हातारी कुत्री डोरली अंगणातच गोळी घालून मारली. वाल्बुर्गा पाइनची डहाळी घेऊन कुत्रीपाशी बसली, तशी त्यानं लाथ मारून डहाळी उडवली.

"अक्कल आहे का? डहाळी मारलेल्या शिकारीच्या तोंडात द्यायची असते, शेवटचा घास म्हणून. आणि दुसरी रक्तात बुडवून मारणाऱ्याच्या टोपीत खोवायची. कुत्रीला कसला आलाय मान? ऊठ, उद्याची काडतुसं भर."

ती उठली. तिनं काडतुसं भरली.

रविवारी डोंगरात पहिल्याच बाराला बंदूक फुटली आणि काडतुसामागचा तिचा पोलादी दांडा मागे उडून लेओपोल्डच्या कपाळात घुसला. वाल्बुर्गा धावत वर आली, तेव्हा त्याचा शिकारीतला सोबती कीलियान टोपी काढून उभा होता.

"तुमचा काही दोष नाही, वहिनी. बंदूकच म्हातारी झाली होती."

 गुडघ्यांवर बसून तिनं नवऱ्याच्या तोंडात पाइनची डहाळी ठेवली. कीलियानला भरून आलं.



मग तिनं दुसरी डहाळी रक्तात बुडवली आणि स्वतःच्या डोक्यावरच्या रुमालात खोवली.