रंग धरेना

बंदुकीची गंजलेली नळी कारागिराच्या हातात देताना त्या बाईंनी दुकानाच्या दाराकडे एकदा वळून पाहिलं. "नवा रंग द्या, पण घाई करू नका. हल्ली हे बंदूक मांडीवर घेऊन तासन्‌तास बसतात. बोलत नाहीत, धड जेवत नाहीत." कारागीर काय समजायचं ते समजला.

नळीवर मुद्दाम पातळ गंज चढवायचा, ती पाण्यात उकळायची, मग ब्रशने घासायची. असं सातआठ वेळा केलं की पोलादावर निळसर काळा रंग धरतो. काम पंधरा दिवसांचं. कारागिराने ते लांबवलं. दर गुरुवारी बाईंचा नवरा चौकशीला यायचा. "अजून रंग धरत नाही, साहेब," असं म्हणून कारागीर स्टूल पुढे सरकवायचा. घरी बाईही तेच सांगायच्या. आधी साहेब नुसते गप्प बसायचे. मग स्टोव्ह कमीजास्त करू लागले. पुढे ब्रश घेऊन दुसऱ्या गिऱ्हाइकांचे सुटे भाग घासू लागले, आणि एकदा तर त्यांनी कारागिराच्याच घासण्याला नावं ठेवली.

चौथ्या महिन्यात कारागिराला आणखी खोटं बोलवेना. त्याने तयार नळी फडक्यातून काढून समोर ठेवली.

"ही केव्हाच झाली होती, साहेब. माफ करा."

"ठाऊक आहे. तिसऱ्या आठवड्यातच तुमच्या कपाटात पाहिली मी."

"मग मागितली का नाहीत?"

साहेबांनी नळी पुन्हा फडक्यात गुंडाळली. "तुम्ही आणि आमची ही, दोघं माझ्यासाठी इतकं जीव तोडून खोटं बोलत होता. मला ते मोडवेना."