चहा संपेपर्यंत

"ह्याचा चा संपेपर्यंत," रघू म्हणाला. "नायतर गाडी काट्यावर."

भंगारवाला हनुमान ओट्यावर टेकला होता. हातात भरलेला कप, पायाशी तराजू. समोर अंगणात अंजूची बॅटरीवरची जुनी स्कूटर आडवी पडलेली. मागचं चाक सुटं, चाकातली मोटर उघडी.

अंजू ही रघूची सून, सापगावच्या अंगणवाडीची बाई. उद्या पोलिओचा रविवार होता. डोसाची पेटी घेऊन तिला तीन पाडे गाठायचे होते. पण सहा महिने बंद पडलेल्या गाडीवर कोंबड्या बसतात, हे सासऱ्याला आता सहन होत नव्हतं.

"आबा, चार कार्बनचा तर प्रश्न आहे."

"दिवाळीला पण चारच व्हते."

कार्बन म्हणजे बोटाच्या पेराएवढे काळे तुकडे, शेपटीला तांब्याची तार. मोटरच्या पोटात ते घासत राहतात. झिजून संपले की मोटर गप्प. ही गाडी बनवणारी कंपनीही गप्प झाली होती. शहापुरात कार्बन मिळाले नाहीत, कल्याणचा दुकानदार तर हसलाच. शेवटी काल मुरबाडला ड्रिल मशीनचे मिळाले, तेही मापाने मोठे. शहापूरचा मिक्सर दुरुस्त करणारा धर्मा सकाळपासून ते पायरीच्या दगडावर घासत होता.

चारही मापाचे झाले. धर्माने ते डबीच्या झाकणात घालून खिडकीत ठेवले आणि वायरींना हात घातला.

हनुमानने कपावर फुंकर घातली.

"पी की रे," रघू म्हणाला.

"पितो ना."

धर्माने एक कार्बन बसवला. दुसरा बसवला. तिसराही बसला. मग तो झाकणात बोट फिरवत राहिला. "वहिनी, चौथा?"

आत खलबत्त्याचा आवाज चालू होता. तो थांबला आणि रघूची आई, बाईजा, पदराला हात पुसत दारात आली. म्हातारीला जवळचं दिसत नसे. तिची मशेरीची डबी त्याच खिडकीत असे.

"मशेरी लय कडक भाजलीस गो अंजू," ती दातांवर बोट फिरवत म्हणाली. "कुटून कुटून हात भरून आला. आन् आत तांब्याची तार! दुकानदार काय काय मिसळतात तंबाखूत."

म्हातारी हसली तेव्हा दात कोळशासारखे काळे दिसले.

"झालं," रघू म्हणाला. "एक कार्बन आयनं खाल्ला. हनुमान, आटप."

हनुमानने कप खाली ठेवला आणि उठला. पण स्कूटरकडे न जाता तो आपल्या हातगाडीकडे गेला. पोत्यातून त्याने एक फुटका मिक्सर ओढून काढला आणि धर्मापुढे ठेवला. धर्माने दोन स्क्रू काढले. आतून एक कार्बन निघाला, निम्मा झिजलेला, पण चालण्यासारखा.

"याचं काय द्यायचं?" अंजूने विचारलं.

"आपला धंदा वजनावर," हनुमान म्हणाला. त्याने तराजू उचलला, एका पारड्यात कार्बन टाकला आणि दुसऱ्यात सगळ्यांत लहान वजन. कार्बनचं पारडं वर ते वरच. "भरतच नाय. कशाचे घेऊ?"

"तू भंगार न्यायला आलास का द्यायला?" रघू ओरडला.

धर्माने कार्बन दगडावर चार वेळा घासला आणि बसवला. चाक चढवलं. अंजूने चावी फिरवली. आधी काहीच नाही. मग मोटर घशात बेडूक अडकल्यासारखी घुरघुरली, आणि स्कूटर अंजूला घेऊन अंगणाबाहेर पडली. मागे कोंबड्या ओरडत धावल्या.

"माजा दात बी हलला व्हता तवा," बाईजा म्हणाली. कशाबद्दल, ते तिलाच ठाऊक.

हनुमान मिक्सर पोत्यात भरून निघाला. रघू कप उचलायला ओट्यावर वाकला आणि तसाच थांबला. कप काठोकाठ भरलेला होता. वर जाड साय आली होती आणि सायीवर एक मुंगी चालत होती.

"अरे, चा तसाच?"

हनुमानने वळूनही पाहिलं नाही. "लय गरम व्हता," म्हणत त्याने गाडी ढकलली.