घरून आणलेली साखळी

“अहो, उठा! तो समोरचा दाढीवाला खाली वाकून आपली बॅग ओढतोय!”

“युरोपातल्या गाडीत कोण चोरणार? झोप.”

कशी झोपणार? गाडीत चढल्यापासून त्याचा डोळा आमच्या बॅगेवर होता. म्हणून तर दिवे मालवल्यावर चाचपडत, घरून आणलेल्या साखळीने मी ती बर्थला बांधून कुलूप लावलं होतं. इतक्यात त्याने माझ्या खांद्याला हात लावला. मी अशी किंचाळले, की तो मुकाट्याने जागेवर जाऊन बसला.

उजाडलं तरी तो कोट-बूट घालून तसाच बसलेला. माझ्याकडे बघून त्याने नुसतं खाली बोट दाखवलं.

मी वाकले. आमची बॅग मोकळीच होती. साखळी त्याच्या बॅगेला होती.

ह्यांनी त्याच्या हातातलं तिकीट वाचलं. “अगं, याला पहाटेच उतरायचं होतं.”