दप्तरी हयात

"ना-हरकत हवी तर अर्जावर मालकाची सही आणा," म्हणत सोसायटीच्या सेक्रेटरी गोडांबेंनी कुमुदताईंचा फ्लॅटविक्रीचा अर्ज चौथ्यांदा परत सरकवला.

"यजमान जाऊन वर्ष झालं! शोकसभेत तुम्हीच डोळे पुसत भाषण ठोकलंत. मृत्यूचा दाखला तीनदा दिलाय."

"आहे हो फायलीत, वहिनी. पण कमिटी ठराव करेपर्यंत दप्तरी अण्णा हयातच. कोरम जमला की घेऊ मीटिंग."

कुमुदताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गिऱ्हाईक कंटाळून कालच दुसरीकडे वळलं होतं. आधी अण्णाच इथले सेक्रेटरी होते. ते गेल्यावर हा गृहस्थ तेराव्याचीही वाट न बघता, ठरावाबिरावाशिवाय त्यांच्या खुर्चीत बसला होता.

त्यांनी टेबलावर हात आपटला. "हे हयात आहेत ना? मग सेक्रेटरीही तेच. उठा त्यांच्या खुर्चीतून!"